कोरी पट्टी

दचकू नका, मीच बोलतेय. शवपेटी. पेट्या बोलत नाहीत म्हणता? वीस वर्षं एका घराच्या ओसरीत उभं राहून बघा, दगडालाही तोंड फुटेल.

मी उंबराच्या लाकडाची. थीब्ज शहराच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव आहे, तिथली. वेबखेतच्या नवऱ्यानं मला घडवलं. तो सुतार. आधी स्वतःची पेटी केली, मग उरलेल्या फळ्यांतून बायकोसाठी मी. फळ्या तुटपुंज्या होत्या, म्हणून माझ्या पायाशी तीन ठिगळं आहेत. मला त्याची लाज नाही. त्यानं खुंट्या अशा ठोकल्या की अजून एक हललेली नाही.

रंग मात्र मुलानं द्यायचा ठरलं. मुलगा नखमीन, राजाच्या कबरीतला चित्रकार. म्हाताऱ्यानं मरताना त्याला सांगितलं, "लाकडाचं माझं झालं. आईचं नाव तू लिही. नाव नसेल तर पलीकडे तिला हाक कोण मारणार? मी तिथे वाट बघत बसेन."

"लिहितो, बाबा," नखमीन म्हणाला.

लिहितो! केवढा सोपा शब्द. त्यानं माझा चेहरा रंगवला, गळ्यात फुलांची माळ काढली, पंखांच्या देवी काढल्या. छातीवर डावीकडे हातभर पट्टी तेवढी कोरी सोडली. तिथे नाव यायचं होतं. "काळा रंग घोटून आणतो," म्हणून जो गेला, तो गेलाच.

आठ दिवस तो डोंगरापलीकडच्या खोऱ्यात कामावर असायचा, नवव्या-दहाव्या दिवशी घरी. ते दोन दिवस कसे जायचे म्हणता? जवाची दारू, शेजाऱ्यांशी गप्पा, नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी पेटी रंगवणं. गावातल्या निम्म्या मयतांच्या पेट्यांवरची नावं नखमीनच्या हातची. आणि घरात मी उभी, कोरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सुनेनं माझ्यात कांदे ठेवले. मग सुके मासे. सांगा, परलोकात जायचं माझ्यातून, आणि मला वास बोंबलाचा!

वेबखेत रोज सकाळी मासे बाहेर काढायची, मला फडक्यानं पुसायची आणि कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून मुलाला म्हणायची, "मुडद्या, अजून कोरीच?"

"अगं आई, उद्या. राजाच्या खोलीचं छत पुरं व्हायचंय."

"राजा धडधाकट आहे रे. गुडघे माझे गेलेत."

"आई, राजाचं काम आहे. गंमत आहे का?"

"नाही ना? मग राजाच्या नावावर जेवढा जीव टाकतोस, त्यातला चिमूटभर माझ्या नावावर टाक. मी कधी दुसरं काही मागितलंय?"

खरंच नव्हतं मागितलं. पाणी गाढवावरून यायचं, तेही मोजकं. ती स्वतः कमी प्यायची आणि त्याच्या रंगाच्या वाटीसाठी बाजूला ठेवायची. मला बघवत नव्हतं. मला हात असते तर मीच लिहिलं असतं.

वेबखेत गेली तेव्हा नखमीन खोऱ्यातच होता. कामाचा सहावा दिवस. तो धावत आला, छाती बडवून रडला, डोक्यावर धूळ घातली. प्रेत मसाले लावणाऱ्यांकडे गेलं. ते परत यायला दोन महिने होते. दोन महिने! मला वाटलं, आता तरी. पण तो माझ्यासमोर यायचा, पट्टी बघायचा, आणि हुंदका देऊन बाहेर जायचा. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ पाहिले. हा तहान लागल्यावरही खणेना, आणि आमच्या गावात तर विहीरच नाही.

शेवटी अंत्ययात्रेच्या सकाळी, बायका दारात विलाप करत असताना, त्यानं कुंचला उचलला. डोळे भरलेले होते. पण कुंचला पट्टीला टेकला मात्र, आणि हात ओळखीच्या वाटेला लागल्यासारखा सरसर चालला. वेबखेत. देखणं अक्षर. मी वीस वर्षं जिची वाट पाहिली ती ओळ माझ्या छातीवर ओली चमकत होती. मला रडू येत होतं.

आम्ही डोंगरावरच्या आमच्या कबरीपाशी पोचलो. मला दाराशी उभं केलं, आत वेबखेत. नखमीननं सुताराच्या वासल्यानं माझ्या रंगवलेल्या ओठांना स्पर्श केला, म्हणजे आईला तिकडे बोलता-खाता यावं. तेवढ्यात खोऱ्यातल्या कामाचा मुकादम, केनना, पुढे आला आणि जागीच थिजला.

"गाढवा, हे काय केलंस?"

नखमीननं पट्टीकडे पाहिलं. आईच्या नावाभोवती त्यानं लांबट कडं काढलं होतं, खाली गाठीसकट. ते कडं फक्त राजाच्या नावाभोवती काढतात. तीस वर्षं तेच काढून हाताला सवय लागलेली. नाव संपलं की कडं!

"माझ्या... माझ्या लक्षातच नाही आलं, मुकादम."

"दरबारातल्या कुणी पाहिलं तर तुझं नाक कापतील आणि माझंही. खरवड."

"खरवडलं तर नावही जाईल."

"मग?"

नावाची पट्टी सोडून पेटीवर ओतायची काळी राळ बाजूला तापत होती. नखमीननं ते भांडं उचललं. मी मनात ओरडत होते, नको रे, थांब! तो माझ्या अगदी जवळ आला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, टाकला बघ जीव. सगळा टाकला."

आणि ओतली.

वीस वर्षांची वाट, आणि अर्ध्या दिवसाचं नाव! राग कुणावर काढू? त्याच्यावर काढायला जाते, तर ते वाक्य आठवतं.

पुढे गाव ओस पडलं. आमच्या कबरीच्या दाराशी सावलीला बसणारी माणसं म्हणायची, राजांच्या कबरी फुटल्या, सोनं गेलं. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. ठिगळं लावलेल्या काळ्या पेटीत काय असणार! वाळवीनं माझे पाय खाल्ले. शेजारी म्हाताऱ्याची पेटी आहे, तिच्यावर नाव ठसठशीत. तो अजून वाट बघतोय की त्यानं नाद सोडला, कोण जाणे.

तुम्ही कधी आलात तर राळ खरवडू नका. खाली कडं आहे, नखमीनला उगाच शिक्षा व्हायची. फक्त माझ्या छातीवर डावीकडे हात ठेवा आणि मोठ्यानं म्हणा, म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: वेबखेत.