चार बाजूंची पट्टी

अर्धांगाचा झटका आला तेव्हा बाबांच्या हातात पटाशी होती. सुदैवाने पट्टीवरची वेलीची नक्षी तेवढी पुरी झाली होती. दोनशे बासष्ट सेंटिमीटरची ती लाकडी पट्टी आईच्या नव्या आरशाभोवती बसायची होती. आता बाबांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता आणि पट्टी कापायचं काम थोरल्या मुलीच्या गळ्यात आलं होतं. कोपऱ्यांना वेगळे ठोकळे होते. पट्टी मात्र सगळी वापरायची होती. आरसा सुवर्ण गुणोत्तरातच हवा, रुंदीच्या १.६१८ पट लांबी, हे बाबांनी आधीच बजावलं होतं.

बाबांच्या खाटेशेजारच्या टेबलाला तिने पट्टी आवळली. फोनवर काचवाला घाई करत होता.

"ताई, माप सांगताय ना? मशीन बंद करतोय."

"थांबा हो जरा!" ती मोठ्याने हिशेब करू लागली. "रुंदी एक भाग, लांबी १.६१८. मिळून २.६१८. दोनशे बासष्टला त्याने भागलं की जवळजवळ शंभर. म्हणजे रुंदी शंभर, लांबी एकशे बासष्ट."

तिने पेन्सिलीने रेघ मारली, करवत टेकवली. तोच खाटेवरून घुसमटल्यासारखा आवाज आला. बाबा लालबुंद झाले होते, डावा हात थरथरत वर आला होता.

आई धावत आली. "अगं, परत झटका आला की काय! डॉक्टरांना फोन लाव!"

"बाबा, काय होतंय? छातीत दुखतंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. अंगठा दुमडून चार बोटं ताठ धरली.

"चार काय? पाणी हवंय?"

बाबांनी चिडून हवेत चौकोन काढला.

आरशाला बाजू चार, आणि तिने धरल्या होत्या दोनच!

"आधी निम्मं करायचं," ती पुटपुटली. "एकशे एकतीस भागिले २.६१८... पन्नास. लांबी एक्याऐंशी. दोन्ही दोनदा घेतल्या की दोनशे बासष्ट!"

बाबांचा हात खाली आला.

तिने काचवाल्याला हे माप कळवलं, नवी रेघ मारली आणि दोनदा मोजून पाहिली. आईने पट्टीचं टोक घट्ट धरलं. "काप आता. जे व्हायचं ते होईल."

दुसऱ्या दिवशी आरसा खाटेसमोर उभा केला. एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली होती. बाबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"दिसलीच का लगेच!" थोरली ओशाळली.

आईने डोळे पुसले. "बरे होताहेत गं. चुका काढायला लागले."