कानाने पारखलेलं इंटरनेट

माझी बायको जन्मापासून बहिरी, आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी आकडसासू, तीही. दोघी हातांनी बोलतात. ताई दूरच्या शहरात एकट्या राहतात, त्यामुळे हे बोलणं मोबाईलवर, एकमेकींना बघत चालतं. ऐकणाऱ्यांचं बरं असतं. चित्र अडकलं तरी आवाज पोचतो. या दोघींचं चित्र अडकलं की शब्दच अर्ध्यावर लटकतो. मोबाईलचा डेटा संपत आला की रोज हेच. मग बायको फोन उपडा ठेवायची आणि काज-बटणाचं काम ओढून घ्यायची. अशा वेळी तिच्या वाटेला जायची माझी छाती नव्हती.

शेवटी घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं. मी रंगारी. भिंती मिळाल्या तर कमाई, नाही तर हरी हरी! म्हणून सगळ्यात स्वस्त प्लॅन हेरला. पण मी काही डोळे मिटून घेणाऱ्यातला नाही. खालच्या शेजारीणबाईंकडे तोच प्लॅन होता. त्यांच्याकडे बसून मी इंटरनेटवरून माझ्या भावाला फोन लावला.

"दादा, आवाज येतोय का?"

"खणखणीत!"

झालं. मी लगेच जोडणी घेऊन टाकली.

माणूस येऊन खोका बसवून गेला. संध्याकाळी बायकोने फोन खिडकीत टेकवला. ताई आरशात दिसाव्यात तशा स्वच्छ दिसत होत्या. मी कॉलर ताठ केली. पण ताई सारख्या विचारत होत्या, "काय? पुन्हा सांग." बायको पुन्हा सांगायची. पुन्हा "काय?" शेवटी ताई थकल्या. "राहू दे आता," म्हणाल्या, "काही महत्त्वाचं असेल तर लिहून पाठव." आणि फोन ठेवला.

बायकोचे डोळे भरून आले. जगात तिच्याशी मनमोकळं बोलणारं ते एकच माणूस. मग तिने मला धारेवर धरलं. हातांच्या भाषेत 'अहो' नसतं, त्यामुळे आमच्या घरात मी कायम 'तू'.

"कुणाला विचारून घेतलंस?"

"तपासून घेतलं," मी बोटं चाचपडत म्हणालो. "दादाला आवाज..." आणि माझा हात तिथेच थिजला.

"आवाज! अरे शहाण्या, इंटरनेट कानाने पारखलंस?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पहिल्या आठवड्यात प्लॅन बदलता येतो, एवढं नशीब. दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात आली. दुकानदाराने इतके सिनेमे, तितके चॅनेल अशी टकळी सुरू केली. बायकोने मला एवढंच विचारायला लावलं, "माझे हात तिकडे नीट दिसतील का?"

दुकानदाराने डोकं खाजवलं. "स्वस्तातल्यात चित्र येतं भरभर, पण इथून जातं हळू. येणं-जाणं सारखं हवं तर हा घ्या. दुकानातही हाच आहे. यात चॅनेल मात्र एकही नाही."

बायकोने फोन गल्ल्यावर टेकवला आणि ताईंना लावला. ताई एकदाही "काय?" म्हणाल्या नाहीत. पण हा प्लॅन महाग होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"टीव्हीची जोडणी काढून टाकू," मी म्हणालो.

"आणि तुझे सामने?"

"खालच्या बाईंचा टीव्ही वरपर्यंत ऐकू येतो. सामने कानाने पारखतो."

ती भर दुकानात खळखळून हसली.

नवी जोडणी आली त्या संध्याकाळी ताईंना फोन लागला आणि मी बायकोच्या शेजारी चहा घेऊन बसलो. दोघींचे हात असे सुटले की मला चारातला एक शब्द कळेना. नाकावर रंगाचा ठिपका, ही माझी खूण. ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा दोघी हसल्या. माझी काय चंपी चालली होती, देव जाणे. मला वाईट वाटलं नाही. मी तिचे हात बघत बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी समजत होतो की माझ्या बायकोचं बोलणंच सावकाश आहे. ती माझ्यासाठी सावकाश बोलत होती.