शेवटचा आकडा

अकोल्याच्या जठारपेठेत शाकीबचं दुकान होतं. दुर्बिणी, कॅमेरे, टॉर्च, शेत मोजायची यंत्रं, असला माल. गिऱ्हाईक बेताचंच, पण जे येई ते तासभर बसे, कारण शाकीबला बोलायची हौस दांडगी. परतवाड्याचा अंकुर असाच एका दुपारी दुकानात आला आणि पुढं त्याचा जिवाभावाचा झाला.

अंकुर इंजिनीअरिंग करून बापाची संत्र्याची बाग पाहत होता. त्याला हातात धरायचं जीपीएस यंत्र हवं होतं. कशासाठी, हे सांगताना मात्र तो जरा लाजला.

"खेळ आहे एक, भाऊ. कोणीतरी रानात, गडावर डबा लपवते. त्या जागेचे आकडे नेटवर टाकते. आपण ते आकडे मशीनमंदी भरायचे, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आन् होता तसा ठेवून द्यायचा."

"आन् भेटते काय?"

"काई नाई. डबा भेटते."

शाकीब पोट धरून हसला. पण त्या रात्री जेवताना त्यानं ही गोष्ट बायकोला, अनीसाला, सांगितली तेव्हा तो हसत नव्हता. काहीच न मिळणारा खेळ त्याच्या मनात रुतून बसला होता.

दुसऱ्या खेपेला अंकुरनं रंगीत पडद्याचं, बोट फिरवून चालणारं महागडं यंत्र पसंत केलं. शाकीबनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"घामेजलेल्या बोटाचं हा पडदा ऐकत नाई. आन् बॅटरी आतमंदी सीलबंद. रानात संपली तं चार्जर काय सागाच्या झाडाले लावशीन?" त्यानं मागच्या फळीवरून एक जाडजूड, काळं, बटणांचं यंत्र काढलं. "हे घे. दिसायले भंगार आहे, पण पेन्सिल सेल टाकले का चालू. पडलं तरी मरत नाई."

पैसे मिळवायचे सोडून स्वस्तातलं गळ्यात मारणारा दुकानदार अंकुरनं पहिल्यांदाच पाहिला. यंत्राची जुळवाजुळवसुद्धा शाकीबनंच करून दिली. मग दर महिन्या-दोन महिन्यांनी दोघं कुठंतरी हिंडू लागले. कधी रिद्धपूरच्या बाजूला, कधी परतवाड्याहून वर जाणाऱ्या घाटाकडं. जंगलखात्याची मनाई असलेली हद्द सोडून, रस्त्याच्या अलीकडच्या टेकड्यांत अंकुरनं स्वतःचेही दोन-तीन डबे लपवले.

त्याचे वडील पंजाबराव यांना हा सगळा पोरखेळ वाटे. शाकीब घरी आला की ते संत्र्यांची थैली भरून देत आणि वर सुनावत, "डबे लपवायचे आन् डबे हुडकायचे. हे काय माणसाचे धंदे आहेत, बाप्पा?" पण थैली द्यायला ते कधी विसरले नाहीत.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पावसानंतर आपला डबा जागेवर आहे की वाहून गेला, हे पाहायला अंकुर एकटाच घाटाकडं गेला. दुकानात माल उतरत होता म्हणून शाकीबनं "पुढच्या खेपेले येतो," असं कळवलं होतं.

दुपारी जेवण उरकून तो गल्ल्यावर बसला आणि मोबाइलवर अंकुरचा मेसेज आला.

'कड्यावरून पडलो. मांडी मोडली. 21 24 56 77 19 34. लवकर या'

शाकीबनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यानं ते आकडे जसेच्या तसे मोबाइलच्या नकाशात टाकले. क्षणात लाल खूण उमटली, घाटरस्त्याच्या खालच्या एका खोऱ्यात. अंकुर जायचा तोच भाग होता. शाकीबनं ती खूण अंकुरची बहीण आचल हिला पाठवली, पोलीस ठाण्याला कळवली, घाटाखालच्या गावच्या महादेवराव पोलीस पाटलाला फोन करून जागा समजावली. मग दुकान नोकरावर टाकून गाडी काढली. दर्यापूर, अंजनगाव कधी मागं पडलं, त्याला कळलं नाही. माणसं निघाली आहेत, जागा पक्की माहीत आहे, तोवर सापडलाही असेल, असं तो स्वतःलाच सांगत होता.

तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला रुग्णवाहिका उभी होती आणि तिच्याजवळ खांद्यावर पंचा टाकून पंजाबराव.

"सापडला?"

"नाई ना." पंजाबरावांचा आवाज कोरडा पडला होता. "सारं खोरं तुडवून राह्यले लोक. कुठीच नाई. तुझं मशीन तं बरोबर जाग्यावर नेते म्हणत होता तू."

"नेते काका. मी पाहतो."

खाली उतरायला वाट अशी नव्हतीच. कमरेएवढं गवत, त्यात लपलेले धोंडे, बांबूची बेटं. महादेवराव आणि गावातली दहाबारा माणसं हातात काठ्या घेऊन झुडपं उलथीपालथी करत होती. अंकुरच्या नावानं हाका मारून त्यांचे घसे बसले होते. शाकीबनं स्वतःचं यंत्र बाहेर काढलं. अंकुरकडं होतं तसंच, त्याच जातीचं. त्यात मोबाइलवरची खूण त्यानं गाडीतच, आकडे न टाकता, थेट उतरवून घेतली होती. यंत्रावरचा बाण त्याला एका कोरड्या नाल्यापर्यंत घेऊन गेला आणि थांबला. तिथं पाचोळा होता. कडा नव्हताच. पडण्याजोगी जागाच नव्हती.

"घसरत घसरत दुसरीकडं गेला असन," महादेवराव म्हणाला.

"मोडक्या मांडीनं?"

महादेवरावनं काठीनं पाचोळा उलथून पाहिला.

ते नाल्यानं खाली गेले, पुन्हा वर आले. सावल्या लांबल्या. शाकीबच्या यंत्राचे सेल संपले आणि पडदा विझला. त्यानं धोंड्यावर बसून नवे सेल टाकले. यंत्र सुरू झालं, आकाशातले उपग्रह शोधत राहिलं, आणि मग तो बसला होता त्या जागेचे आकडे पडद्यावर उमटले. एकवीस अंश, चोवीस मिनिटं, मग टिंब, आणि टिंबापुढं तीन आकडे.

शाकीब त्या टिंबाकडं पाहत राहिला.

या यंत्रावर सेकंद दिसतच नव्हते. डब्यांच्या खेळात सगळे आकडे मिनिटांच्या दशांशात देतात, म्हणून दोन्ही यंत्रांची जुळवणी त्यानंच तशी केली होती. अंकुरनं यंत्र पाहून लिहिलं असेल, तर त्याचे छप्पन हे छप्पन सेकंद नव्हते. ते चोवीस पॉइंट छप्पन होतं. मोबाइलच्या नकाशानं टिंब नसलेले आकडे पाहून सेकंद धरले आणि शाकीबनं डोळे झाकून ते खरं मानलं.

पण मग टिंबापुढं दोनच आकडे का? तिसरा कुठं गेला?

हा प्रश्न मनात येताच त्याला उत्तरही आठवलं. झाडीत शेवटचा आकडा सारखा बदलत राहतो, आणि पहिल्याच दिवशी अंकुर त्या आकड्यामागं चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं करत वेडा झाला होता. तेव्हा शाकीबच हसून म्हणाला होता, "शेवटचा आकडा नाचते बे. त्याच्या नादी लागू नको. सोडून दे त्याले." अंकुरनं सोडून दिला होता. तीन आकडे असते तर नकाशानं ते सेकंद धरलेच नसते. मोडलेली मांडी घेऊन पडल्या जागी त्यानं उस्तादाचं ऐकलं होतं.

शाकीबनं आकडे पुन्हा भरले. बाण गर्रकन फिरला आणि डोंगराच्या मागच्या सोंडेपलीकडं रोखला गेला. अंतर एक किलोमीटरसुद्धा नव्हतं.

"महादेवराव! इथं नाई! पल्याडच्या खोऱ्यात!"

तो धावत सुटला. काट्यांनी हात फाटले, एकदा तोंडावर पडला, उठला. माणसं मागून येत होती. सोंड ओलांडून ते पलीकडं उतरले तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. कड्याच्या पायथ्याशी, दगडाला टेकून, अंकुर बसलेला दिसला.

"अंकुर! ए अंकुर! आलो बे!"

त्यानं मान वळवली नाही. एक पाय भलत्याच दिशेला वाकला होता. पँट मांडीवर फुगून घट्ट झाली होती. डोळे अर्धवट उघडे. मोबाइलचा पडदा तडकलेला आणि बंद. मांडीवरचं काळं यंत्र अजून चालू होतं. शाकीबनं त्याच्या गळ्याला हात लावला. कातडी थंड होती, नाडी लागत नव्हती, पण शर्टाखाली, काखेत, ऊब होती. त्या उबेवर त्यानं हात तसाच दाबून धरला, जणू ती निसटू द्यायची नव्हती. शेवटी महादेवरावनं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

परतवाड्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की मांडीचं मोठं हाड मोडून रक्त आतल्या आत वाहिलं. "लवकर आणला असता तर?" कोणीतरी विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले. "वाचला असता असं मी म्हणत नाही. पण हातात वेळ असता."

जागा आधी कशी चुकली, हे शाकीबला कोणी विचारलंच नाही. लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. पोरगा वेदनेत होता, त्यानं आकडे चुकीचे लिहिले. शाकीबभाऊनं डोकं चालवून दुसरं खोरं धुंडाळलं म्हणून मढं तरी हाती लागलं, नाहीतर जनावरांनी खाल्लं असतं. मातीला आलेली माणसं त्याचा हात हातात घेऊन हे बोलत होती आणि तो उभा होता, तोंडात माती भरल्यासारखा.

घरी आल्यावर त्यानं अनीसाला सगळं सांगितलं.

"किसीने पूछा?" तिनं विचारलं.

"नाई."

"तो चुप रहो. उनका लडका गया, हमारी दुकान पे लोग आ गये तो? दिन कैसे हैं, मालूम है ना तुमको?"

तिचं चुकत नव्हतं. दिवस कसे आहेत हे शाकीबलाही माहीत होतं. तो गप्प राहिला. दुकान उघडलं, गिऱ्हाईक आलं, तो बोललाही. बोलताना मधेच थांबायचा, एवढंच.

तेरवीला तो परतवाड्याला गेला. पंगत उठत होती. ओसरीवर पंजाबराव पाहुण्यांमध्ये बसले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. कोणीतरी हळहळलं, तशी ते म्हणाले, "काय सांगू तुमाले. लहानपणापासून धांदरट होतं पोट्टं. परीक्षेतबी उत्तर बरोबर आन् आकडा चुकलेला. मरताना तरी नीट लिहावं ना बाप्पा. सारं गाव भलत्या जागी हिंडलं. त्याच्याच हातानं गेला तो."

आतल्या दारात अंकुरची आई पार्वताबाई उभी होती. ती पदर तोंडात धरून आत वळली.

शाकीबला वाटलं, आता इथून उठावं आणि स्टँड गाठावं. तो उठलाही. पण पाय दाराकडं वळायच्या ऐवजी पंजाबरावांपुढं जाऊन थांबले.

"काका, थोडं बोलायचं आहे."

पंजाबराव त्याला घेऊन मागं गोठ्यापाशी गेले. शाकीबनं घडलं ते सारं सांगितलं. खिशातून आपलं यंत्र काढलं, मोबाइलवरचा तो मेसेज काढला, दोन्ही शेजारी धरले. टिंब कुठं होतं, नकाशानं काय धरलं, शेवटचा आकडा सोडायला कोणी शिकवलं. त्यानं काही गाळलं नाही.

पंजाबरावांनी चष्मा लावून दोन्ही पडदे पाहिले. पुन्हा पाहिले.

"म्हणजे पोरानं बरोबर सांगितलं होतं."

"हाव काका. बरोबर सांगितलं होतं. मीच चुकीचं वाचलं."

"मंग आमी त्या दुसऱ्या खोऱ्यात..." त्यांनी गोठ्याचा खांब धरला. शाकीबनं आधार द्यायला हात पुढं केला, तो त्यांनी झिडकारला. मग ते तिथूनच घराकडं तोंड करून ओरडले, "अवो, ऐकलं का! पोरगं चुकलं नव्हतं! त्यानं बरोबर लिहिलं होतं!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग पार्वताबाईचा हंबरडा. घरातली माणसं काय झालं म्हणून गोळा होऊ लागली. दोनचार तरुण पुढं सरसावले. पंजाबरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"कोणी हात लावू नका त्याले," ते म्हणाले. मग शाकीबकडं वळले. त्यांचे डोळे कोरडे होते. "तू सांगितलं नसतं तं मी मरेपर्यंत पोराले दोष देत राह्यलो असतो. बरं झालं सांगितलं. आता तुले देईन."

"द्या काका."

"या घरी आता येऊ नको."

"नाई येत."

शाकीब फाटकाबाहेर पडला. कोणी मागं आलं नाही. मन हलकं झालं का, असं नंतर अनीसानं विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्या दिवशी त्यानं गाडी आणली नव्हती. परतवाड्याच्या स्टँडबाहेर अंजनगावकडं जाणारी जीप भरायची थांबली होती, तीत तो मागच्या बाकावर जाऊन बसला. शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली. ड्रायव्हर अजून दोन सीट पाहिजे म्हणून ओरडत होता. घरामागून निघताना ऐकलेला पार्वताबाईचा आवाज शाकीबच्या कानांत तसाच चालू होता, आणि जीप भरेपर्यंत तो मान खाली घालून बसून राहिला.