पाय पोहोचेल एवढाच उंच

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. जुना म्हणावं तर माझी पुढची बाजू नवी आहे, आणि नवा म्हणावं तर दारं गंजली आहेत. स्वतःविषयी सांगायचं म्हटलं की माझा असा गोंधळ उडतो.

अमेरिकेतल्या नेवाडाच्या डोंगरांत मी वर्षानुवर्षं मेंढ्यांचं खाद्य वाहिलं. माझे मालक बेन्यातबाबा स्पेनच्या डोंगराळ बास्क मुलखातून आलेले मेंढपाळ. तरुणपणी उन्हाळाभर मेंढ्यांमागे एकटे राहताना त्यांनी वरच्या पांढुरक्या सालीच्या ॲस्पेन झाडांच्या राईत एका झाडावर आपलं नाव कोरलं होतं. तिकडचे सगळेच मेंढपाळ कोरायचे. पण ती झाडं फार जगत नाहीत. वठायच्या आत आपलं नाव एकदा बघायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. वाटेतल्या दगडधोंड्यांत मात्र माझ्या पुढच्या चाकांचे नाजूक सांधे दरवेळी तुटायचे.

म्हणून त्यांची मुलगी मायते हिने एकेका चाकाला वेगवेगळं धरणारे माझे पुढचे सुटे हात कापून टाकले आणि दोन्ही चाकांना जोडणारा एकच जाड ॲक्सल बसवला. आमच्या गावात हे काम केलं की ट्रक उंचच उंच करायची रीत आहे. मीही मनात मांडे खात होतो. मायते मात्र मला खाली खालीच आणत राहिली. रोज सकाळी ती बाबांना माझ्या दाराशी उभं करायची, ते पाय उचलून बघायचे, आणि ती पुन्हा माझ्या स्प्रिंगा बदलायची. मला काही उमजेना.

शेजारचा क्लिंट कुंपणावर रेलून म्हणाला, "अगं, एवढा घाम गाळून हा बसकाच? लाज वाटेल बिचाऱ्याला."

"वाटू दे. बाबांचा खुबा दुखतो, तो तू घेतोस का?"

"गप्प बसतो, बाई."

अजून बोटभर खाली यायचं, तर ॲक्सलला अडवणारे रबराचे ठोकळे आड येत होते. मायतेने तेही काढले. तिथेच चुकलं. बाबांना घेऊन आम्ही वर निघालो, तर राईच्या थोडं अलीकडे एका खड्ड्यात ॲक्सल उसळून माझ्या पोटाखालच्या ऑइल चेंबरवर आदळला. तेल गळलं, मी बंद पडलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं चुकलं, बाबा," मायते म्हणाली.

"पोचलोय की. ती काय झाडं." बाबांनी दार उघडलं आणि कुणाचा हात न धरता खाली उतरले. काठी टेकत दोघं राईत गेली. परतली तेव्हा बाबांचे डोळे लाल होते.

"नाव आहे अजून. खोडाबरोबर फुगलंय. माझ्यापेक्षा जाड झालंय."

मग मायतेने बोलावल्यावर क्लिंट आपल्या उंच ट्रकमधून ओढायची साखळी घेऊन आला. "काका, माझ्या गाडीत बसा. थंडगार आहे."

बाबांनी छातीएवढ्या उंचीवरची ती सीट पाहिली. "मला मेंढीसारखं उचलून टाकावं लागेल तुला." आणि ते माझ्यातच येऊन बसले. मायतेने स्टिअरिंग धरलं, क्लिंटने आम्हाला ओढत खाली आणलं.

मी बंद पडलेला, तरी ते माझ्यातच बसले. मी हरलो की जिंकलो, मला अजून ठरवता येत नाही. मित्रांनो, ज्याच्यासाठी राबता त्याच्या पायाचं माप जरूर घ्या, पण जो तुमच्यासाठी राबतो त्याच्या पोटाचाही थोडा विचार करा.