साखळी दुमडते की नाही

आठ अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या साखळीवरून नणंद-भावजयींचं आठवडाभर बिनसलं होतं. दोघी एकाच संस्थेत कामाला. नणंद तिसऱ्या मजल्यावर त्या साखळीचे, म्हणजे पेप्टाइडचे, स्फटिक वाढवून त्यांवर क्ष-किरण टाकायची. भावजय तळमजल्यावर तेच पेप्टाइड पाण्यात विरघळवून त्यातून प्रकाश सोडायची. नणंदेचं म्हणणं, साखळी केसांच्या पिनेसारखी मधोमध दुमडते. भावजयीचा आलेख मात्र सांगत होता, की ती कुठेच दुमडत नाही, नुसती सैल लोंबकळते.

"वहिनी, तुझं यंत्र एकदा दुरुस्तीला टाक बाई," असं नणंद परवा म्हणाली, आणि ते भावजयीच्या चांगलंच जिव्हारी लागलं.

आज सकाळी तिने नणंदेची वही मागून आणली. चौथ्या पानावर तिचं बोट थबकलं. स्फटिक पाण्यातून नव्हे, मिथेनॉलमधून वाढवले होते! तिने लगेच मिथेनॉलमध्ये नमुना तयार करून यंत्रात ठेवला. पडद्यावरची रेघ या वेळी अगदी दुमडलेल्या साखळीची उमटते तशीच उमटली.

आलेख घेऊन ती तिन्ही जिने धावतच चढली.

"वन्सं, मिथेनॉलमध्ये दुमडते ती! पाण्यात सुटते."

"म्हणजे मीच बरोबर होते."

"आणि मीही!"

नणंदेने आलेख दोनदा निरखला आणि तिला हसू फुटलं. "बस आधी. केवढी धाप लागलीय तुला," म्हणत तिने स्टूल पुढे सरकवलं.

मग पाण्यात थोडं थोडं मिथेनॉल वाढवत साखळी नेमकी कधी दुमडू लागते, ते बघायला दोघी मिळून बसल्या. जेवणाची वेळ टळून गेली, तरी भुकेची आठवण कुणालाच झाली नाही.