टेबलाखालची टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे, मित्रांनो. लिहिण्याच्या टेबलाखाली, उजव्या पायाशी माझी जागा. कचऱ्याची टोपली म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पण माझ्यात कधी केळ्याची साल पडली नाही. माझ्या पोटात पडले ते फक्त कागद.

एका कारागिराने दोन दिवस खपून मला विणले आणि बाजारात मांडले. तिथून बाईंनी मला उचलले. बाई मुलांसाठी गोष्टी लिहीत. एका मासिकात दर महिन्याला त्यांची गोष्ट येई. त्या लिहीत, वाचत, नाक मुरडत आणि कागदाचा बोळा करून न बघता माझ्याकडे टाकत. नेम क्वचितच चुके. संध्याकाळी त्यांची लहानगी लेक मला रिकामी करायला येई.

"आई, आज टोपली भरली. म्हणजे गोष्ट चांगली झाली ना?" ती विचारी.

इतके कौतुक कुठल्या टोपलीच्या वाट्याला येते?

वर्षे गेली. लेक दातांची डॉक्टर झाली, बाईंचे केस पिकले. मग एके दिवशी संपादकांनी गोष्ट परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती: 'गोष्ट छान आहे. पण ही तुम्ही सहा वर्षांपूर्वी लिहिली आहे. तिथे कुत्रा होता, इथे मांजर आहे, एवढेच.'

बाईंनी जुने अंक काढून पाहिले. खरेच होते ते.

त्या दिवसापासून त्या रोज टेबलाशी बसत, पेनचे टोपण काढत आणि पुन्हा लावत. आधी मला वाटले, बरे झाले, विश्रांती मिळाली. पण महिना गेला, तीन गेले, सात गेले. एकही बोळा पडला नाही. कोळ्याने माझ्यात घर केले. शेवटी बाईंनी संपादकांना पत्र लिहिले, 'आता माझ्याकडून होणार नाही.' ते मात्र एकटाकी लिहून झाले.

चार दिवसांनी फोन आला. बाईंना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असे.

"तुमचं पत्र आमच्याकडे कुठेतरी हरवलं बघा," संपादक म्हणाले. "पुन्हा पाठवायची तसदी घेऊ नका."

फोन ठेवून बाईंनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले.

त्याच आठवड्यात लेक म्हणाली, "आई, हिचा काठ सुटलाय, सारखा कपड्यांना अडकतो. प्लास्टिकची आणते, धुता तरी येईल."

माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी मला मांडीवर घेतले, जाळे पुसले आणि म्हणाल्या, "राहू दे गं. मी दुरुस्त करून आणते." त्यांना घराबाहेर पडायला निमित्तच हवे होते की काय, कोण जाणे.

वेतकाम करणाऱ्या मावशींचे दुकान दोन गल्ल्या पलीकडे होते. "आज नाही व्हायचं. वेत भिजायला हवा. उद्या या," मावशी म्हणाल्या. पण बाई तिथून हलल्याच नाहीत. स्टुलावर बसून मावशींचे हात बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशी मावशींनी त्यांच्यापुढे वेत टाकला.

"नुसतं काय बघता? विणा."

बाईंनी विणलेली टोपली एका अंगाला कलली. मावशींनी ती न्याहाळली.

"ही बसलीय का निघालीय?"

सात महिन्यांनी बाई हसल्या. मग ओशाळून म्हणाल्या, "बिघडली हो."

"बिघडू दे की. विणलेलं उसवता येतं. न विणलेलं कसं उसवणार?"

एवढ्यात एक आजोबा वेताची खुर्ची घेऊन आले. "बैठक नवी विणा," ते म्हणाले, "पण मध्ये जरा खोलगट ठेवा. आमची ही बसायची ना, तशी."

"तशी विणता येत नाही, आजोबा. बसून बसूनच होते ती."

आजोबा खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाईंनी हळूच विचारले, "आता कोण बसतं हिच्यावर?"

"नात. पाय पोहोचत नाहीत अजून खाली. हलवत असते सारखी."

माझा काठ तोवर झाला होता. बाईंनी मला छातीशी धरले आणि त्या झपाझप घरी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बोळा आला. सवय मोडलेली, नेम चुकला. बाईंनी वाकून तो उचलला आणि माझ्यात टाकला. मग दुसरा, मग पाचवा. दुपारपर्यंत मी काठोकाठ भरले. वाईट पाने होती ती, मी वाचली आहेत. एकात नात फार शहाणी होती, एकात आजोबा फार रडत होते. बाईंनाही ते कळत होते, तरी त्या पुढचे पान घेत होत्या. चौथ्या दिवशी एक पान टेबलावरच राहिले.

गोष्ट छापून आली तेव्हा आजोबांच्या नातीने ती मावशींच्या दुकानात मोठ्याने वाचली म्हणे. "मी काही एवढे पाय हलवत नाही," असे तिचे मत पडले. ते लेकीला सांगताना बाईंना हसू आवरत नव्हते.

मित्रांनो, आता माझे बूड सैल झाले आहे, फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्याकडे एकच मागणे आहे. लिहिताना वाईट पानाला भिऊ नका. ते कुणाला दाखवायचे नसते. ते पोटात घालायला आम्ही असतो. तुमच्या टेबलाखालीही आमच्यातली एखादी असेल. तिला उपाशी ठेवू नका.