जावयाने सॉसेज टोचलं

जावयाची एक खोड बाईंच्या डोळ्यांत सलत होती, आणि ती आजची नव्हे, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनची. बंद वस्तू दिसली की ती किलकिली केल्याशिवाय त्या माणसाला चैन पडायचं नाही. बरण्यांची झाकणं सैल, बॅगेची चेन चार बोटं उघडी, कडाक्याच्या थंडीतही न्हाणीघराची खिडकी ढकललेली. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. वीस वर्षं वाफेच्या शेजारी उभं राहून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती: आत कोंडलेल्याला बाहेर यायला वाट पाहिजे. बाईंच्या मते त्याच्या डोक्यालाच तशी वाट असती तर बरं झालं असतं.

आणि नेमका असल्या माणसाच्या हातात आज बाईंचा चिमटा होता.

जिन्यावरून पाय घसरला आणि बाईंचं उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. दर रविवारी दुपारी मागच्या अंगणात कोळशावर सॉसेज भाजायचं काम या घरात एकाच माणसाचं, आणि चिमटा ज्याच्या हातात त्याचा शब्द घरात शेवटचा. "एवढा एक रविवार हे भाजतील, आई," असं लेक म्हणाली तेव्हा बाईंचे कान टवकारले. आपल्या सासूची नजर मंदावली तेव्हा बाईही असंच म्हणाल्या होत्या, एवढा एक रविवार. तो रविवार एकतीस वर्षं चालला.

म्हणून त्या शेगडीला खेटून खुर्ची टाकून बसल्या होत्या. जावयाने जाळीवर बारा सॉसेज ओळीने मांडली, खिशातून काटा काढला आणि सटासट टोचत सुटला. सहा झाली तेव्हा कुठे बाईंना ते दिसलं.

"जावईबापू, ते सॉसेज आहे, गळू नव्हे."

"आई, आत वाफ धरते. वाट नाही दिली तर फुटतं."

"मी जन्मभर भाजतेय. एक फुटलं नाही."

"व्हॉल्व्हशिवाय बॉयलरही पुष्कळ दिवस चालतो," जावई अगदी नम्रपणे म्हणाला. "एकच दिवस चालत नाही."

पलीकडे बसलेल्या नणंदबाई फस्सकन हसल्या. त्या हसल्या की त्यांना उचकी लागायची, आणि ती उचकी ऐकून बाकीच्यांना हसू फुटायचं. बाईंनी ओठ दाबून धरले.

"बरं. ती सहा तुमची, ही सहा माझी. माझ्याला काटा लावलात तर बोटं भाजीन. ज्याची चांगली होतील, त्याच्या हातात यापुढे चिमटा. हे ठरवतील."

हे म्हणजे बाईंचे यजमान. ते ताट मांडीवर घेऊन केव्हाचे तयारच होते.

टोचलेल्यांतून चरबी गळायला लागली आणि भक्कन जाळ उठला. जावयाची डावी भुवई निम्मी झाली. "पाजा, सगळा रस कोळशाला पाजा," बाई खुशीत म्हणाल्या. "कोळसे बाळसं धरतील, आपण सुके राहू." नणंदबाईंची उचकी वाढली. पण त्या जाळाने जावयाची सहा छान तांबूस झाली, वास तर असा सुटला की यजमान खुर्चीसकट दोन वेळा पुढे सरकले. बाईंची सहा मात्र तापातून उठल्यासारखी पांढरीफटक.

आता बाईंना धीर धरवेना. जावई पाणी आणायला वळला, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने सळई घातली आणि होते नव्हते ते सगळे निखारे आपल्या बाजूला ओढले. वर पुठ्ठ्याने वाराही घातला.

फाट्.

एक सॉसेज मधोमध उडालं. अर्धं नणंदबाईंच्या डोक्यावरून कपड्यांच्या दोरीवर गेलं, अर्धं थेट यजमानांच्या ताटात पडलं.

"आलं वाटतं," यजमान म्हणाले आणि खायला लागले.

काय फुटलं ते जावयाने पाहिलंसुद्धा नाही. कारखान्यात असा आवाज झाला की माणसाने काय करायचं, ते त्याच्या हाडांत भिनलं होतं. त्याने बादली टाकली, एका उडीत सासूला खुर्चीसकट गवतावर आडवं केलं, शेजारचा कपड्यांचा टब त्यांच्यावर पालथा घातला आणि स्वतः वर पसरला. "सगळे खाली," असं तो ओरडला. प्लास्टरचा हात तेवढा टबाबाहेर राहिला होता. तो त्याने आपल्या तळव्यावर अलगद उचलून धरला.

मग टबाखालून घुमल्यासारखा आवाज आला. आठ वर्षांत जावयासमोर बाई कधी हसल्या नव्हत्या. आता त्या इतक्या हसत होत्या की वरचा जावई टबासकट हलत होता. नणंदबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. स्वयंपाकघरातून लेक पावाची परडी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आईला टबाखाली का ठेवलंय?"

"सवय," जावई म्हणाला. आणि त्यालाही हसू आवरेना.

टब उचलून, डोळे पुसून, सगळ्यांनी शेगडीकडे पाहिलं तेव्हा धक्क्याने जाळी कलंडून उरलेली अकरा कोळशात मिसळून गेली होती. टोचलेली कुठली आणि न टोचलेली कुठली, हे देवालाही सांगता आलं नसतं.

"मला विचाराल तर," यजमान बोटं चाटत म्हणाले, "मी एकच खाल्लं, फुटलेलं. झकास होतं."

म्हणजे पैज बाईंची. चिमटा गवतात पडला होता. लेकीने तो उचलून आईपुढे धरला. बाईंनी तो डाव्या हातात घेतला, पदराला पुसला, आणि जावयाच्या पोटाला टेकवला.

"धर. आणि नीट ऐक," त्या म्हणाल्या. "निखारे मी ओढले होते, म्हणून फुटलं; ते तू बघितलंस की नाही मला ठाऊक नाही, विचारणारही नाही. पण इकडे अकरा सॉसेज जळत होती आणि तू माझा मोडका हात धरून बसलास. भाजणाऱ्याने आधी जाळीकडे बघायचं असतं, सासूकडे नाही. तू तर निव्वळ बावळट माणूस आहेस. माझा हात बरा झाला तरी आता चिमटा तुझ्याकडेच राहू दे."